आग्नेय कोपऱ्यातली चिल्लर : सोलापूरच्या एका घराच्या पायात निघालेल्या नम्युलाइट्सचं प्रकरण

फोटो आला तेव्हा मी सात रस्त्यावर सिग्नलला उभा होतो. तळहातावर सात-आठ गोल, चपटे, पिवळट पांढरे खडे, आणि खाली मजकूर : "सर, घराचा पाया खोदताना सापडले. जुनी नाणी आहेत का? काका म्हणतात समुद्रातलं काहीतरी आहे." पाठवणारी आमच्या बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सिग्नल सुटायच्या आत मी उत्तर ठोकलं : "चुनकंकर असेल. काळ्या मातीत ढिगानं मिळतो."

या प्रकरणातली पहिली चूक ती. माझीच.

दोन दिवसांत तोच फोटो गल्लीच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचला. आता त्यावर लिहिलं होतं, "सोलापुरात एके काळी समुद्र होता, पुरावा सापडला." तिसऱ्या दिवशी मुलगी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत सगळा ऐवज घेऊन विभागात आली. बरणी टेबलावर ओतली. एकूण ४३ नग. चटणीचा लाल रंग काहींच्या कडांना लागलेला.

भिंग लावल्यावर चुनकंकराची गोष्ट तिथंच संपली. चुनकंकर वेडावाकडा असतो, आल्याच्या गाठीसारखा. हे खडे मध्ये फुगीर, कडेला निमुळते, मसुराच्या डाळीसारखे. फक्त आकारानं रुपयाच्या नाण्याएवढे, काही त्याहून मोठे. पाच-सहा नगांवर बाहेरूनच चकलीसारखा वेटोळा दिसत होता. तीन पापडासारखे पातळ होते. आणि एक करडा, लिंबाएवढा दगड, ज्यावर तांदळाचे दाणे चिकटवल्यासारखं काहीतरी होतं. तो मी बाजूला ठेवला आणि तीन आठवडे त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसरी चूक.

गॅसवर तापवलेलं नाणं

आता संशय नम्युलाइटवर होता, म्हणजे समुद्रतळावर राहणाऱ्या एका एकपेशीय जीवाच्या दगड झालेल्या कवचावर. तो ओळखायचा तर उघडावा लागतो. प्रयोगशाळेतली दगड कापायची करवत बंद होती, म्हणून जुनी युक्ती वापरली. घरी गॅस पेटवला, एक खडा सांडशीत उभा धरून लालसर होईपर्यंत तापवला आणि स्टीलच्या वाटीतल्या गार पाण्यात टाकला. "टच्" असा आवाज झाला. पाणी निवळल्यावर पाहिलं तर दोन अर्ध्या चकत्या वेगळ्या झाल्या होत्या, बिस्किटाची जोडी सुटावी तशा. प्रत्येक चकतीच्या आतल्या बाजूला मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा वेटोळा, वीस-पंचवीस फेऱ्यांचा, आणि प्रत्येक फेरीत तिरक्या भिंतींनी पाडलेले शेकडो कप्पे. सांडशी कायमची काळी झाली. घरात त्यावर जे बोलणं झालं ते या नोंदीत घेत नाही.

हे सगळं बांधकाम एका पेशीचं. फोरॅमिनिफेरा हा एकपेशीय जीवांचा गट, नम्युलाइट त्यातलाच. त्यातले बहुतेक वाळूच्या कणाहून लहान, पण समुद्रतळावर राहणाऱ्या काही कुळांनी नाण्याएवढी, क्वचित तळहाताएवढी कवचं बांधली. गुपित आहे भाडेकरूंमध्ये. आजच्या त्यांच्या नातेवाइकांच्या पेशीत डायटमसारखी सूक्ष्म शैवालं राहतात, ऊन खाऊन अन्न बनवतात, आणि घरमालक त्यावर पोसतो. नम्युलाइट्सचंही तसंच होतं असं मानलं जातं. त्यामुळे त्यांना उथळ, उबदार, नितळ आणि उजेडाचं पाणी लागतं. गढूळ पाण्यात किंवा खोल अंधारात त्यांचं भागत नाही. ही एक अट लक्षात ठेवली की त्यांचा भूगोल निम्मा कळतो.

नावाचीही गंमत आहे. लामार्क यांनी १८०१ मध्ये 'नम्युलायटीस' हे नाव दिलं ते लॅटिनमधल्या छोट्या नाण्यासाठीच्या शब्दावरून. म्हणजे सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या मुलीच्या घरच्यांना पहिल्या नजरेत जे वाटलं, तेच पॅरिसच्या प्राध्यापकालाही वाटलं होतं. गिझाच्या पिरॅमिडचा दगडही याच कवचांनी भरलेला आहे. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तिथं गेला तेव्हा ते मजुरांच्या जेवणातले उरलेले मसूर दगड झाले, असं त्याला सांगितलं गेलं. नाणी म्हणा, मसूर म्हणा, माणसाला आधी ओळखीचंच दिसतं.

विद्यार्थिनीनं उघडलेल्या चकत्यांची दोन टोपल्यांत वाटणी केली : मोठ्या एकीकडे, लहान दुसरीकडे. लहानांच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा गोल कप्पा स्पष्ट दिसत होता. मोठ्यांत मध्य शोधूनही सापडेना. "सर, या दोन जाती झाल्या ना?" एकोणिसाव्या शतकात अनेक मोठ्या संशोधकांनी नेमकं हेच केलं आणि एकाच जातीला दोन-दोन नावं देऊन ठेवली. खरं तर ही एकाच जातीची दोन रूपं. अलैंगिक रीतीनं जन्मलेल्या पिल्लाचा पहिला कप्पा मोठा आणि कवच लहान; लैंगिक रीतीनं जन्मलेल्याचा पहिला कप्पा अतिसूक्ष्म पण कवच थोराड. तिच्या टोपल्या पुन्हा एक केल्या.

खाली काय आहे

आता समुद्राचा दावा. सोलापूर दख्खनच्या लाव्हावर बसलेलं आहे. तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. नम्युलाइट्सचा जन्म त्यानंतरचा, पॅलिओसीन नावाच्या कालखंडाच्या अखेरीचा, म्हणजे सहा कोटी वर्षांच्या अलीकडचा. म्हणजे काळ्या पाषाणाच्या आत ते सापडणं शक्य नाही. वरच सापडायला हवेत. आणि आपल्याकडे त्या पाषाणावर मुरूम आणि काळी माती याशिवाय काही नाही. इथला लाव्हा ओतल्यावर ही जमीन पाण्याखाली गेल्याची एकही खूण नाही.

पण "शक्य नाही" एवढ्यावर थांबलो असतो तर ग्रुपवरचे काका ऐकणार नव्हते, आणि खरं म्हणजे थांबूही नये. मुलीनं खड्ड्यातल्या मातीवर सौम्य आम्ल टाकलं, माती फसफसली. तिचा चेहरा उजळला. चुना आहे, म्हणजे समुद्र! पण काळ्या मातीतला चुना पाण्याबरोबर वरखाली होत तिथंच साखळतो, त्यालाच आपण चुनकंकर म्हणतो. आम्लाला समुद्राचा चुना आणि शेतातला चुना यांतला फरक कळत नाही.

मग माती धुतली. दोन किलो माती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धरली. चिकणमाती काळ्या पाण्याबरोबर वाहून गेली आणि चाळणीवर उरला चमचाभर गाळ : पाषाणाची कच, कंकराचे बारीक गोळे, गारेचे दोन-तीन चकाकते कण, विटेचा भुगा. सूक्ष्मदर्शकाखाली चार तास. फोरॅमिनिफेराचा एक तुकडाही नाही. खडे जर तिथल्याच थरातले असते तर मोडलेली, झिजलेली कवचं आणि त्यांची बारकी भावंडं हजारोंनी दिसली असती. नाण्यांची टांकसाळ असती तर तिथं कचराही असता.

एक टिपण जाता जाता. सोलापूरकर रोज समुद्रावरूनच चालतो. घराघरांतली शहाबादी फरशी म्हणजे कलबुर्गीकडच्या भीमा खोऱ्यातला चुनखडक, समुद्राच्या तळाशी साठलेला. पण तो इतका जुना की तेव्हा चुन्याचं कवच बांधणारं कोणी जन्मालाच आलेलं नव्हतं. म्हणून फरशी कितीही घासली तरी तिच्यात नाणं निघत नाही.

नाण्यांवरचा शिक्का

तर खडे बाहेरून आले होते. कुठून? इथं या गटाची खरी ताकद दिसते. बहुतेक जीवाश्मांवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. मोठ्या फोरॅमिनिफेरांवर ते निम्मं तरी लिहिलेलं असतं, कारण हे गट झपाट्यानं बदलत गेले आणि ठरावीक वाटांनीच पसरले.

बाहेरून वेटोळा दिसणारे नग होते असिलायना. हा नम्युलाइट्सचा चुलतभाऊ, पॅलिओसीनच्या शेवटापासून मध्य इओसीनपर्यंत टिकलेला. (कालखंडांचा क्रम असा : पॅलिओसीन, इओसीन, ऑलिगोसीन, मायोसीन.) पापडासारखे तीन होते डिस्कोसायक्लिना. तो इओसीनच्या शेवटी, सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी संपला. नम्युलाइट्स आरंभी लहान, मोजक्या फेऱ्यांचे, मध्य इओसीनमध्ये ते मोठे, दाट फेऱ्यांचे झाले, ऑलिगोसीनमध्ये अस्त. आमच्याकडचे थोराड नम्युलाइट, असिलायना आणि डिस्कोसायक्लिना एकत्र नांदले तो काळ मध्य इओसीन, चार कोटी वर्षांच्या आगेमागे.

जागेचा अंदाजही बांधता आला. तेव्हा युरोपपासून आग्नेय आशियापर्यंत टेथिस नावाचा समुद्र पसरलेला होता आणि त्याचे उथळ, उबदार किनारे म्हणजे या जीवांची वस्ती : स्पेन, आल्प्स, इजिप्त, तुर्कस्तान, ओमान, सिंध, कच्छ, मेघालय, इंडोनेशिया. हिमालयाच्या पायथ्याशी सुबाथूला आणि वर लडाखमध्येही ते मिळतात, कारण भारत आशियाला भिडण्याआधी तिथं हाच समुद्र होता. भारतातल्या या ठिकाणांपैकी जिथं कवचं खडकातून अख्खी सुटून माळावर पसरलेली असतात आणि वाटसरूला वेचता येतात, असं मला माहीत असलेलं ठिकाण म्हणजे पश्चिम कच्छ. हरूडी आणि फुलरा ही तिथली गावं, आणि त्यांच्याच नावांनी ओळखले जाणारे मध्य इओसीनचे थर. तिथल्या नम्युलाइट्सना १८४० मध्येच इंग्रज अभ्यासक सॉवर्बी यांनी नावं दिली होती. मी मुलीला सांगितलं, कच्छ. मुलगी म्हणाली, आमचं कच्छला कोणीच नाही. चादरीचा व्यापार करणारं कोणी? नाही. ट्रक? नाही.

प्रकरण तिथं तीन आठवडे अडलं. मग एका संध्याकाळी टेबल आवरताना तो करडा दगड हाती आला.

तांदळाचे दाणे

त्याचे सहा तुकडे पाडून काचेवर कार्बोरंडम पावडरीनं घासले. एक तुकडा मी जास्तच घासला आणि त्यातलं चांगलं कवच पुसून टाकलं; हात घाई करतो. उरलेल्या पाच काचपट्ट्यांत फोरॅमिनिफेराचेच आणखी दोन गट दिसले. एक लेपिडोसायक्लिना, पातळ आणि पसरट. दुसरा पंख्याच्या आकाराचा, दोन-तीन मिलिमीटरचा, ज्याचा जन्मकप्पा मध्यात नसून एका टोकाला असतो : मायोजिप्सिनॉइड्स.

मी खुर्चीत मागे टेकलो. कारण हे दोघे इओसीनच्या नाण्यांबरोबर एका थरात असूच शकत नाहीत. आणि दोघांचीही जन्मभूमी कच्छ नाही. दोघेही अमेरिकेतून आलेले.

ही स्थलांतराची कथा मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. लेपिडोसायक्लिना मध्य इओसीनमध्ये अमेरिकेच्या बाजूला दिसतो. तेव्हा टेथिसमध्ये त्याचा मागमूस नाही. ऑलिगोसीनमध्ये तो अटलांटिकच्या अलीकडे येतो आणि पुढे पूर्वेला पसरतो. मायोजिप्सिनॉइड्सचं मायोजिप्सिनिड कुळही तसंच : मूळ अमेरिकेत, मग भूमध्य समुद्र, मग भारताचा पश्चिम किनारा, मग इंडोनेशिया. तळाला चिकटून जगणारा जीव महासागर कसा ओलांडतो? अटलांटिक तेव्हा आजच्याहून अरुंद होता. पिल्लं प्रवाहाबरोबर किंवा वाहत्या समुद्रगवताला चिकटून आली असावीत. यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण आल्याचा क्रम मात्र खडकांत लिहिलेला आहे. आणि त्या वाटेवर कच्छ म्हणजे उंबरठा.

पुढे अरबस्तान आशियाला भिडलं. साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून हत्तींचे पूर्वज त्या नव्या जमिनीवरून आशियात चालत आले, आणि जी वाट हत्तींना उघडली तीच समुद्री जीवांना बंद होत गेली. त्यानंतर भूमध्य समुद्रातली मंडळी आणि हिंदी-प्रशांत महासागरातली मंडळी वेगळी पडली. मायोजिप्सिनिड कुळातलाच मायोजिप्सिना भूमध्यात आधी संपला. आपल्या बाजूला तो मध्य मायोसीनमध्येही काही काळ टिकून होता.

या कुळाचं वय काढायची रीत मात्र अगदी हिशेबी आहे. जन्मकप्प्यानंतर जे कप्पे एका ओळीनं गुंडाळत जातात ते मोजायचे. काळ पुढे सरकतो तशी ही संख्या घटत जाते. जणू प्रत्येक पिढी बालपण थोडं लवकर आटोपते. इंडोनेशियात टॅन सिन हॉक यांनी १९३०च्या दशकात हे पाहिलं, उट्रेख्टच्या ड्रूगर यांनी १९५०च्या दशकापासून त्याला आकडेवारीची शिस्त लावली, आणि भारतातल्या मायोजिप्सिनिडांचा या पद्धतीनं अभ्यास डी. एस. एन. राजू यांनी केला, तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी १७ च्या वर असेल तर मायोजिप्सिनॉइड्सची जाती सर्वांत जुनी, कॉम्प्लॅनेटस. १३ ते १७ फॉर्मोसेन्सिस. १० ते १३ बँटामेन्सिस. विशेष म्हणजे अमेरिका, भूमध्य आणि हिंदी-प्रशांत, तिन्हीकडे ही घट स्वतंत्रपणे, पण एकाच दिशेनं झाली.

आमच्याकडे मोजण्याजोगी कवचं चारच. मुलीनं मोजली : १८, १९, १७, २०. चार आकड्यांच्या सरासरीवर जाती ठरवू नये. निदान वीस तरी हवेत. वहीत आम्ही "बहुधा कॉम्प्लॅनेटस, ऑलिगोसीनचा उत्तरार्ध" असं लिहिलं आणि "बहुधा" खाली रेघ ओढली.

म्हणजे एकाच पुरचुंडीत चार कोटी आणि अडीच कोटी वर्षांपूर्वीचा माल. मध्ये दीड कोटी वर्षांची दरी. निसर्गात असं मिश्रण नदीच्या गाळात होऊ शकतं, पण मग कवचं झिजलेली असती. आमची नव्यासारखी होती. हे मिश्रण माणसाच्या हातानं झालेलं होतं. आणि आता पत्ता आणखी आवळता आला. पश्चिम कच्छमधले थर समुद्राकडे अगदी मंद उतारानं कललेले आहेत, त्यामुळे काही किलोमीटरच्या टापूत इओसीन, ऑलिगोसीन, मायोसीन असे पट्टे एकामागून एक उघडे पडतात. बिस्वास आणि राजू यांनी १९७३ मध्ये या थरांची जी मांडणी केली, तिच्यातली नावं वाचली तर गावांची यादीच आहे : मातानोमढ, नारेडी, हरूडी, फुलरा, मणियारा फोर्ट, खारी नदी. मायोजिप्सिनॉइड्स मणियारा फोर्टच्या वरच्या भागात, बेरमोटीच्या बाजूला मिळतात.

यादी मी मोठ्यानं वाचत होतो. मातानोमढपाशी मुलगी म्हणाली, "सर, हे देवीचं ठिकाण ना? आज्जी सांगते याचं नाव."

जे आधी विचारायला हवं होतं

तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायचा होता : खड्ड्यात नेमके कुठे सापडले? तिनं वहीच्या मागच्या पानावर घराचा नकाशा काढला आणि एका कोपऱ्यावर फुली मारली. दोन फूट खोल, सगळे एकाच जागी, वीतभर घेरात. दिशा लावली. आग्नेय.

वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात हे मी चार घरांत पाहिलेलं आहे. मजुराला विचारल्यावर त्यानं सांगितलं, तिथंच एक हिरवा पडलेला तांब्याचा पत्रा निघाला होता, तो भंगारात बाजूला टाकलाय.

आजी बांधकाम चालू असेपर्यंत बार्शीला लेकीकडे राहायला गेल्या होत्या, म्हणून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही रविवारी बार्शीला गेलो. बरणी पाहताच त्या हसल्या.

"आगं, ही देवाची चिल्लर की!"

चाळीसेक वर्षांपूर्वी गल्लीतल्या बायका बसनं द्वारका, नारायण सरोवर, कोटेश्वर, माता नो मढ अशी यात्रा करून आल्या होत्या. "बस तापली म्हणून ड्रायव्हरनं माळावर उभी केल्ती. खाली उतरलो तर सगळा माळ पैशानं भरलेला. बायकांनी ओच्यात घातले. मी बी घातले."

"आणि हा करडा दगड?"

"त्यो दुसऱ्या जागंचा. सरोवराकडून येताना. अक्षता चिकटल्यागत दिसला म्हनून उचलला." मग थांबून, "घर बांधलं तवा भटजींना इचारलं, पायात घालू का? ते म्हनले, लक्ष्मीच हाय, घाला."

बसच्या थांब्यांचं गाव आजींना आठवत नाही, म्हणून आमच्या नोंदीत "लखपत तालुका, कच्छ, रस्त्याकडेला, दोन जागा" एवढंच आहे. मी त्यांना सांगितलं की तिथल्या नाण्यांच्या खाली, मातानोमढच्या थराच्याही खाली, आपल्याकडचाच काळा पाषाण आहे. फक्त तिथं त्यावर समुद्र चढला आणि सोलापुरात नाही चढला. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग पायात परत कधी घालायचे?"

यावर घरात थोडी वादावादी झाली. मुलीला सगळे विभागाच्या संग्रहात हवे होते. शेवटी पाच काचपट्ट्या, उघडलेल्या चकत्या आणि प्रत्येक प्रकारचे दोन-दोन नग आमच्याकडे राहिले. बाकीचे अठ्ठावीस नव्या तांब्याच्या डबीत आग्नेय कोपऱ्यात गेले. डबी बंद करायच्या आधी मुलीनं आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक चिठ्ठी टाकली. तिच्यावर पेन्सिलीनं, कारण शाई उडते, लिहिलं होतं : नम्युलायटीस, असिलायना, डिस्कोसायक्लिना. मध्य इओसीन. लखपत तालुका, कच्छ. आज्जीनं आणले. सोलापूरचे नव्हेत.